खुर्ची, पाटी आणि ट्रक: कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्सचं प्रकरण

सप्टेंबर 2017 मधली दिल्ली डोळ्यासमोर आणा. दुकानावर पिवळी कमान आहे, आत फ्राइज तळल्या जातायत, काउंटरवर पोरं ऑर्डर घेतायत, आणि तिकडे मॅकडोनाल्ड्स कंपनी सांगतेय की या 169 दुकानांना आमचं नाव वापरायचा अधिकार उरलेला नाही. गिऱ्हाईकाला यातलं काही कळत नव्हतं, त्याला आलू टिक्की मिळत होती. पण ज्या कंपनीची ही दुकानं होती, कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स, तिच्यात निम्मी मालकी खुद्द मॅकडोनाल्ड्सची होती! म्हणजे स्वतः अर्ध्या भागीदार असलेल्या कंपनीचंच लायसन्स त्यांनी रद्द केलं होतं. हे इथपर्यंत कसं आलं ते नीट लावून बघू, कारण पेपरात तेव्हा "बक्षी विरुद्ध मॅकडोनाल्ड्स" असं कुस्तीसारखं छापून यायचं आणि खरी गोष्ट करारांच्या कागदात होती.

सुरुवात 1995 ची. मॅकडोनाल्ड्सने भारतात एकच पार्टनर न घेता दोन घेतले. उत्तर आणि पूर्वेला विक्रम बक्षी, यांचा मूळ धंदा रिअल इस्टेटचा, कंपनी कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स. पश्चिम आणि दक्षिणेला अमित जटिया, कंपनी हार्डकॅसल रेस्टॉरंट्स. दोन्हीकडे 50:50. बाहेरून आलेल्या कंपनीला दिल्लीत जागा मिळवणं, परवाने काढणं, बाबू लोकांशी बोलणं हे कोण करणार, त्यामुळे रिअल इस्टेटवाला माणूस पकडणं हे तेव्हा अगदी डोकं लावून केलेलं होतं, या धंद्यात अर्धी लढाई कोपऱ्यावरच्या जागेचीच असते. 13 ऑक्टोबर 1996 ला वसंत विहारच्या बसंत लोक मार्केटमध्ये पहिलं दुकान उघडलं. जगातलं बीफ न विकणारं पहिलं मॅकडोनाल्ड्स. व्हेज आणि नॉनव्हेजची किचन वेगळी, माणसं वेगळी, मेयोनीज बिनअंड्याचं. (जटिया स्वतः शाकाहारी, ही त्यातली गंमत.)

इथे जरा थांबतो, कारण पुढे डिसेंबर 2017 मध्ये जे झालं ते समजायला ही बाजू लागते. दुकान उघडायच्या आधी काही वर्षं या लोकांनी फक्त माल कुठून येणार यावर काढली होती. तेव्हा आपल्याकडे आइसबर्ग लेट्यूस कोण खात होतं? कोणी नाही. तो तळेगावच्या त्रिकाया ॲग्रिकल्चरने पिकवला. चीज बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचं. पॅटी तळोज्याच्या व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्सच्या. पाव उत्तरेत क्रेमिकाचा, पंजाबातून. आणि हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणाहून गोळा करून, गोठलेलं गोठलेलं ठेवून, गार ते गार ठेवून दुकानाच्या मागच्या दारात आणून द्यायचं काम राधाकृष्ण फूडलँडचं. एकाच ट्रकमध्ये वेगवेगळ्या तापमानाचे कप्पे, पॅटी उणे तापमानात, लेट्यूस शून्याच्या जरा वर, पाव आणि कागदी कप साध्या हवेत. म्हणजे वसंत विहारच्या त्या बर्गरमध्ये निम्मा महाराष्ट्र होता म्हणायला हरकत नाही. मुद्दा असा की सप्लायर कोण, ट्रक कोणाचा, हे ठरवायचं मॅकडोनाल्ड्सने. कंपनीने मान्यता दिलेल्याकडूनच माल घ्यायचा, दुकान चालवणाऱ्याला बाजारात जाऊन दुसरा पाव आणायची मुभा नाही.

आता करार. लोकं 50:50 म्हटलं की समजतात दोघं बरोबरीचे. शेअरचं म्हणाल तर बरोबरीचेच होते, पण बक्षींच्या करारात एक कलम होतं: बक्षी मॅनेजिंग डायरेक्टर राहिले नाहीत तर त्यांचे शेअर विकत घ्यायचा हक्क मॅकडोनाल्ड्सला. आता हे दोनदा वाचा. शेअर तुमचे, पैसे तुम्ही घातलेले, पण ते हातात राहणार की नाही ते तुम्ही खुर्चीवर आहात की नाही यावर. आणि खुर्चीची मुदत वाढवायची तर बोर्डात ठराव करायचा, ज्या बोर्डात अर्धी माणसं समोरच्याची. त्यात नावाचं लायसन्स हा अजून वेगळा कागद, तो शेअरहोल्डर म्हणून मिळत नाही, मॅकडोनाल्ड्स देते आणि कंपनी त्यावर रॉयल्टी भरते. म्हणजे खुर्ची बोर्डाच्या मतावर, दुकानावरची पाटी लायसन्सवर आणि मागच्या दाराला येणारा ट्रक मान्यतेवर. यातल्या एकाही गोष्टीवर 50 टक्के मालकीचा थेट ताबा नव्हता.

पहिली बारा-तेरा वर्षं हे कोणाला टोचलं नाही कारण पैसे मिळत नव्हते, नुसते लागत होते. एवढी तयारी, एवढी थंड साखळी, आणि गिऱ्हाईक कोण तर वीस रुपयांत काय मिळतं ते विचारणारं, तेव्हा तोटा आहे तोवर भागीदार एकमेकांना धरून असतात. भांडण सुरू होतं ते धंद्याला किंमत यायला लागली की. बक्षींनी पुढे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या ट्रिब्युनलसमोर जे मांडलं त्यानुसार 2008 मध्ये मॅकडोनाल्ड्सने त्यांचा अर्धा हिस्सा 50 लाख डॉलरला मागितला, मग आकडा 70 लाखांवर नेला, आणि बक्षींनी व्हॅल्युएशन करून घेऊन 10 कोटी डॉलर सांगितले. 70 लाख आणि 10 कोटी. एवढा फरक घासाघीस करून मिटत नाही, दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या कंपन्या होत्या. एक बघत होता आजवरचा तोटा, दुसरा बघत होता दिल्ली आणि आसपासच्या मोक्याच्या जागा आणि पुढची वीस वर्षं.

त्याच काळात पश्चिमेकडे काय झालं ते बघा, कारण तुलनेला याच्यापेक्षा बरा नमुना मिळणार नाही. तोच ब्रँड, तोच देश, त्याच वर्षी झालेला करार. 2010 च्या सुमारास तिथेही 50:50 संपलं, पण उलट्या दिशेने: मॅकडोनाल्ड्सचा हिस्सा जटियांनीच घेतला आणि ते डेव्हलपमेंट लायसेन्सी झाले. भांडवल सगळं यांचं, जोखीम यांची, मॅकडोनाल्ड्सला विक्रीवर रॉयल्टी. नंतर हा धंदा वेस्टलाइफ या नावाने शेअर बाजारातही दिसायला लागला. आता जटिया जास्त गोड बोलले आणि बक्षी अडून बसले असं सरळ काढायचा मोह होतो, मी ते काढणार नाही, दोन बंद खोल्यांत काय बोलणं झालं ते आपण ऐकलेलं नाही. पण एवढं दिसतं की मॅकडोनाल्ड्सला दोन्हीकडे 50:50 मधून बाहेरच पडायचं होतं, प्रश्न फक्त कोण कोणाला विकत घेणार हा होता, आणि उत्तरेत त्याचं उत्तर पश्चिमेच्या उलटं निघालं.

मग ऑगस्ट 2013. बक्षींची एमडी म्हणून मुदत जुलैत संपली होती, 6 ऑगस्टच्या बोर्ड मीटिंगमध्ये मुदतवाढीचा ठराव आला आणि मॅकडोनाल्ड्सच्या माणसांनी विरोधात मत दिलं. समसमान बोर्डात बरोबरी झाली की ठराव पडतो. अठरा वर्षांचा संसार, आणि काढून टाकायचाही ठराव करावा लागला नाही, नुसता ठेवायचा ठराव पास होऊ दिला नाही! महिनाअखेरीला पेपरात जाहीर नोटीस आली, विक्रम बक्षी आता एमडी नाहीत. मॅकडोनाल्ड्सचं म्हणणं होतं की यांनी पूर्ण वेळ या कंपनीला द्यायचा करार होता आणि यांचं लक्ष आपल्या बाकी धंद्यांत. बक्षींचं म्हणणं, ते धंदे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होते, एवढी वर्षं मुदतवाढ दिलीत तेव्हा आठवलं नाही, आता शेअर स्वस्तात पाहिजेत म्हणून खुर्ची काढली.

बक्षी गेले कंपनी लॉ बोर्डाकडे, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे. तक्रार ऑप्रेशन अँड मिसमॅनेजमेंटची, म्हणजे दडपशाही आणि गैरकारभार, कंपनी कायद्याची कलमं 397 आणि 398. हे कलम मुळात लहान शेअरहोल्डरला वाचवायला असतं, अर्ध्या मालकाने ते वापरायचं म्हणजे ऐकायला जरा अजबच, पण वर सांगितलेलं कलम बघितलं की कळतं हा अर्धा मालक किती लहान होता ते. लॉ बोर्डाने सप्टेंबर 2013 मध्ये जैसे थे ठेवायला सांगितलं. मॅकडोनाल्ड्सने जॉइंट व्हेंचरचा करार संपवल्याची नोटीस दिली आणि लंडनच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे, एलसीआयएकडे, गेले. मग लंडनला जायचंच नाही म्हणून बक्षींची दिल्ली हायकोर्टात वेगळी लढाई, डिसेंबर 2014 मध्ये एका न्यायमूर्तींनी लवाद थांबवला, जुलै 2016 मध्ये दोघांच्या खंडपीठाने ती बंदी उठवली. तेवढ्यात जून 2016 मध्ये कंपनी लॉ बोर्डच बंद होऊन त्याच्या जागी एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा ट्रिब्युनल, आलं. वकिलांची मुलं परदेशात शिकून आली असतील एवढ्या वेळात.

आणि या चार वर्षांत दुकानं चालूच होती, हे विसरून चालणार नाही. पण कशी चालू होती? बरोबरीचं बोर्ड भांडतंय म्हणजे मोठा निर्णय होत नाही. नवीन दुकानं, जुन्या दुकानांचं नूतनीकरण, कर्ज, सगळ्याला दोघांची सही लागते आणि दोघं तर कोर्टात भेटतात. त्याच दिल्लीत नोव्हेंबर 2014 मध्ये साकेतच्या सिलेक्ट सिटीवॉक मॉलमध्ये बर्गर किंगने भारतातलं पहिलं दुकान उघडलं. अठरा वर्षं आधी येऊन बसलेल्याच्या घरात पाहुणा आला आणि घरचे आतल्या खोलीत वाटणीवरून भांडत होते.

2017 हे मुख्य वर्ष. जूनच्या शेवटी दिल्लीतल्या 55 पैकी 43 दुकानांना एकदम टाळं लागलं. कारण काय तर खाद्यगृहाचं लायसन्स संपलेलं आणि नूतनीकरण झालेलं नाही. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. हा काही हायकोर्टाचा स्टे नव्हता, एखाद्या उडप्याच्या हॉटेलचा मॅनेजरसुद्धा जो कागद कॅलेंडरवर खूण करून ठेवतो तो कागद. वर मालक कोण हेच ठरलेलं नसलं की खाली फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे कोणाला माहीत नसतं.

दोन आठवड्यांनी, 13 जुलैला, एनसीएलटीचा निकाल आला आणि तो बक्षींच्या बाजूने. त्यांना काढणं बेकायदा आणि हेतुपुरस्सर, परत एमडी करा, आणि बोर्डावर सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी प्रशासक म्हणून, म्हणजे बरोबरीच्या बोर्डात एक तिसरं मत. चार वर्षांनी खुर्ची परत मिळाली. पेपरात बक्षी जिंकले असं आलं, आणि खुर्चीपुरतं ते खरंच होतं.

21 ऑगस्टला मॅकडोनाल्ड्सने 169 दुकानांची फ्रँचायझी रद्द केली. कारण दिलं अटींचा भंग, त्यात रॉयल्टी न भरल्याचंही होतं. पंधरा दिवसांत नाव, लोगो, रेसिपी, सगळं वापरणं बंद करा. ट्रिब्युनलने खुर्ची दिली होती, पाटी ट्रिब्युनलची नव्हतीच. बक्षींनी अपिलं केली, मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली, आणि दुकानं कमानीसकट चालूच राहिली. तिथून आपण सुरुवातीच्या चित्रावर आलो.

आता विचार करण्यासारखी गोष्ट. स्वतःच्या अर्ध्या कंपनीचं लायसन्स काढून घेतल्यावर नुकसान मॅकडोनाल्ड्सचंही होणारच ना? होणार, पण सारखं नाही. बक्षींची या धंद्यातली सगळी पुंजी त्या एका कंपनीत. मॅकडोनाल्ड्सची खरी मालमत्ता त्या कंपनीच्या बाहेर, नावात आणि पद्धतीत, आणि ती उद्या दुसऱ्याला देता येते. म्हणजे दोघं एकाच होडीत, होडीला भोक पडलं, पण एकाची दुसरी होडी किनाऱ्याला बांधलेली. शिवाय लंडनच्या लवादाने त्याच सप्टेंबरमध्ये सांगितलं की बक्षींनी आपला 50 टक्के हिस्सा रास्त किमतीला विकावा. रास्त किंमत! आता ज्या कंपनीकडे ब्रँडचं लायसन्स नाही तिची रास्त किंमत काय, भाड्याच्या जागा, वापरलेले फ्रायर आणि स्टीलची टेबलं? बक्षींना 10 कोटी डॉलर दिसत होते ते लायसन्स धरून. लायसन्स रद्द करण्यामागे हाच हेतू होता असं मी म्हणत नाही, पण परिणाम हाच होता, आणि वाटाघाटीच्या टेबलावर परिणामच मोजतात.

डिसेंबर 2017 मध्ये ट्रक थांबले. राधाकृष्ण फूडलँडने पुरवठा बंद केला. कारणं त्यांनी धंद्याची दिली, माल उचलला जातोय कमी, पैसे, आणि पुढचं काही खात्रीचं नाही. उत्तर आणि पूर्वेतली ऐंशीच्या वर दुकानं बंद पडली, पूर्व भारताला जास्त फटका, कारण लांबच्या शहरात एका ट्रकला पर्याय पटकन मिळत नाही. नाताळच्या आठवड्यात, जेव्हा या धंद्यात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. कनॉट प्लाझाने कोल्डेक्स नावाची दुसरी लॉजिस्टिक्स कंपनी धरली आणि जानेवारीत दुकानं हळूहळू उघडायला लागली. त्यावर मॅकडोनाल्ड्सने जाहीरपणे सांगितलं की हा ट्रक आमच्या मान्यतेचा नाही, या दुकानांत आमच्या दर्जाप्रमाणे माल वापरला जातोय की नाही याची खात्री देता येत नाही. स्वतःचंच नाव असलेल्या दुकानात जपून खा असं कंपनीने सांगायची वेळ, हे मी तरी दुसऱ्या कुठल्या ब्रँडच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

खुर्ची बक्षींकडे, पाटी मॅकडोनाल्ड्सची, ट्रक तिसऱ्याचा, अशा अवस्थेत कंपनी अजून दीड वर्ष चालली. खरं तर याचं श्रेय दुकानातल्या पोरांना द्यायला पाहिजे, सकाळी ड्यूटीवर यायचं तर आज शटर वर जाणार का नाही हे माहीत नसायचं.

9 मे 2019 ला तडजोड जाहीर झाली. मॅकडोनाल्ड्सने बक्षींचा हिस्सा घेतला, रक्कम गुलदस्त्यात. कनॉट प्लाझा पूर्ण त्यांची झाली, त्यांनी दुकानं काही दिवस बंद ठेवली, तपासणी केली, माणसांना परत ट्रेनिंग दिलं आणि टप्प्याटप्प्याने उघडली. म्हणजे तीच कंपनी, त्याच जागा, बरीचशी तीच माणसं, फक्त आता कागद जुळत होते. इथेही मध्ये एक पाय आलाच: हुडको ही सरकारी कंपनी ट्रिब्युनलसमोर उभी राहिली, बक्षींकडून आमचं सुमारे 195 कोटींचं येणं आहे, ते बाजूला ठेवून तुम्ही आपसात कसं मिटवता. दोन भागीदारांचं भांडण चाललेलं असताना सावकार कोपऱ्यात गप्प बसून असतो, पैसे हात बदलायला लागले की उठतो.

मॅकडोनाल्ड्सला उत्तर भारतात स्वतः दुकान चालवत बसायचं नव्हतंच. 2020 मध्ये एमएमजी ग्रुपचे संजीव अगरवाल नवे पार्टनर म्हणून आले, यांचा मूळ धंदा कोका-कोलाच्या बॉटलिंगचा. यावेळी निम्मं-निम्मं नाही. निवडही बघा कशी बदलली, 1995 मध्ये जागा मिळवून देणारा माणूस लागत होता, 2020 मध्ये दुसऱ्याच्या ब्रँडचा माल दुसऱ्याच्या नियमाने बनवून पोचवायची सवय असलेला. ते आले तेव्हा शहरं लॉकडाऊनमधून अर्धवट उघडत होती, टेबलांवर खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या आणि काउंटरवर डिलिव्हरीवाली पोरं हेल्मेट घालून पार्सलची वाट बघत उभी.